मोठं चाक, दमलेली गाडी आणि एक्केचाळीस दात

‘डिफरन्शियलचे गिअर बदला, पॉवर डबल, वर ॲव्हरेजही जास्त!’ असल्या रील सध्या शहाद्यापासून रावेरपर्यंत मोबाइलवर फिरताहेत. तोरणमाळच्या घाटात उसळणारी जीप, मागे धडाधड संगीत. पाहणाऱ्याला वाटतं, मागच्या धुऱ्यातल्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या जुडग्यात, काहीतरी जादू भरून मिळते.

पॉवर एका घोड्यानेही वाढत नाही. इंजिन जेवढी शक्ती देतं, तेवढीच चाकाकडे जाते, वाटेत घर्षणात थोडी गळतेच. गिअर बदलल्याने चाकाचे फेरे घटतात आणि त्याच प्रमाणात टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, वाढतो. ॲव्हरेजचं म्हणाल, तर मूळ टायरवर नुसते गिअर बदलले की सुरत-नागपूर महामार्गावर इंजिन उगाच जास्त फेरे घेईल आणि डिझेल जास्तच पिईल.

मग हा खर्च करायचाच कशाला? टायरमुळे. आपल्याकडे जीप घेतली की हौशी माणूस आधी टायर मोठे करतो, आणि महिन्याभरात गॅरेजात येऊन उभा राहतो: “भाऊ, चाक मोठं कयं, आते गाडी वढस नही.” ओढणार कशी? समजा, २९ इंचाच्या जागी ३३ इंची टायर आले. आता चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे १४ टक्के जास्त अंतर जाते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६८ असतो. डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.७३ असेल, तर परिणामी ते ३.२८ असल्यासारखं वागतं. म्हणजे गाडी सतत थोड्या वरच्या गिअरमध्ये असल्यासारखी दमते, आणि सातपायरी घाटात ड्रायव्हर दुसऱ्यावरून पहिल्यावर येतो.

गुणोत्तर म्हणजे क्राऊनचे (चाकांना फिरवणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे (इंजिनाकडून फिरणाऱ्या छोट्या गिअरचे) दात. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. मूळची ओढ परत हवी तर साधारण ४.२४ लागतं. बाजारात मिळतं ४.१० किंवा ४.५६. महामार्गावर जास्त फिरणाऱ्याने पहिलं घ्यावं, धडगाव-मोलगीकडच्या चढांवर सामान वाहणाऱ्याने दुसरं. आणि फोर-व्हील गाडी असेल तर पुढच्या-मागच्या दोन्ही धुऱ्यांत तेच गुणोत्तर हवं. नाहीतर फोर-व्हील टाकल्याबरोबर दोन धुरे एकमेकांशी भांडतात आणि दोघांना जोर वाटून देणारा ट्रान्सफर केस मधल्या मध्ये मरतो.

आता माझ्या आवडीचा भाग. दात ४१ आणि ११च का? ४० आणि १० का नाहीत? ४०:१० असते तर पिनियनचा एक दात क्राऊनच्या त्याच चार दातांना जन्मभर भेटत राहिला असता. एखाद्या दातावर बारीक ओरखडा असला, तर तेवढेच चार दात झिजले असते. ४१ आणि ११ यांना १ सोडून समान विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो, तीच जोडी पुन्हा जुळायला क्राऊनचे ११ फेरे लागतात, आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. शाळेत लसावि कंटाळवाणा वाटला असेल, तर तो इथे रोज कामाला येतो.

त्यात हे गिअर हायपॉइड जातीचे. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यातून न जाता थोडा बाजूला सरकलेला असतो; पॅकार्डने १९२६मध्ये मोटारीत ही जोडी आणली, तेव्हा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून धुऱ्याकडे जोर नेणारा दांडा, आणि त्यावरची गाडीची फरशी खाली आली. पण त्यामुळे दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतातही. म्हणून गंधक-फॉस्फरसवालं, उग्र वासाचं तेल लागतं. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जोडीनेच विकतात. एकाचा क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनला लावणं म्हणजे महिन्याभराचा पाहुणा.

बसवताना मिस्त्रीला दोन गोष्टी जुळवायच्या असतात: पिनियन किती आत, आणि क्राऊन तिच्यापासून किती लांब. दोन्ही शिमने ठरतं, म्हणजे धातूच्या पातळ चकत्यांनी. दातांमधला प्ले, म्हणजे मोकळी फट, बहुतेक धुऱ्यांत ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर लागतो, फिटरच्या भाषेत सहा ते दहा थाऊ (इंचाचा हजारावा भाग). तो डायल गेजने मोजता येतो. पण पिनियनची खोली बरोबर आहे का, हे दातालाच विचारावं लागतं. जुना मिस्त्री वाटीत शेंदूर आणि तेल कालवतो, क्राऊनच्या तीन-चार दातांना ब्रशने लावतो, क्राऊनला थोडा अडवून धरत फिरवतो, आणि मग बॅटरी मारून बघतो. जिथे दात दाबला गेला तिथला शेंदूर निघून धातू चकाकतो. तो ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर हवा. टोकाकडे गेला, तर पिनियन बाहेर आहे. जाड शिम टाका. बुडाशी गेला, तर फार आत आहे, पातळ टाका. ठसा दाताच्या बाहेरच्या टोकाकडे सरकला, तर क्राऊन पिनियनच्या जवळ आणा, आतल्या टोकाकडे गेला तर लांब न्या. पण एक हलवलं की दुसरंही थोडं हलतं. बेअरिंग काढा, शिम बदला, परत दाबा, परत शेंदूर. चांगला मिस्त्री यात अख्खा दिवस घालवतो, आणि घाई करणाऱ्याची गाडी साठच्या पुढे घूं-घूं करत घरी जाते.

बंपरवर लिंबू-मिरची आणि काळी बाहुली टांगून दाताचा ठसा काही मध्यावर येत नाही. शेंदराचा खरा चमत्कार मला तरी त्या वाटीतच दिसतो. मात्र शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, विषारी. हात धुतल्याशिवाय चहाला बसू नये.

आणखी एक गैरसमज. काळ्या मातीत एक चाक गरगर फिरतंय आणि दुसरं ढिम्म, यावर गिअर बदलणं हा उपाय नव्हे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. घसरणारं चाक जेवढा घेईल, तेवढाच दुसऱ्याला. गुणोत्तर ३.७३ असो वा ४.५६, यात फरक पडत नाही. बैलगाडीला ही अडचणच नाही, कारण तिची चाकं आसावर मोकळी फिरतात आणि ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत त्यासाठी डिफरन्शियल लॉक लागतं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारी कळ. तो वेगळा खर्च, पण धुरा उघडलेलाच असतो तेव्हा करून घ्यावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र वाचून ठेवावं; गाडीत मनाला येतील ते बदल कायदा चालवून घेत नाही.

गिअर बसल्यावर पहिली वीसेक किलोमीटर हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. पहिले काहीशे किलोमीटर ट्रॉली ओढू नये. सुमारे ८०० किलोमीटरला तेल बदलावं आणि तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकाकडे बघावं. राखाडी, लोण्यासारखा लेप असेल तर ते दातांचं नेहमीचं घासणं. बोटाला टोचणारे कण लागले, तर पुन्हा मिस्त्रीकडे, आणि या वेळी ठसा आपल्यासमोर काढायला सांगा.