एका फ्रिजच्या दोन वायरी

गाडीत ठेवायचा छोटा फ्रिज आणला की खोक्यातून दोन वायरी निघतात. एकीच्या टोकाला घरातल्या बोर्डात बसणारी पिन असते, तर दुसरीच्या टोकाला सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये जाणारा जाडजूड प्लग. फ्रिजच्या बाजूलाही दोन वेगवेगळ्या आकारांची सॉकेटं असतात आणि २३० व्होल्टची वायर चुकून १२ व्होल्टच्या जागी जाऊ नये म्हणून त्यांचे आकार मुद्दामच जुळत नाहीत. त्यामुळे जोडणी म्हणजे पोरखेळ वाटतो. जी जिथे बसेल तिथे खोचायची, की झालं. घरच्या वायरीपुरतं हे बरंचसं खरंही आहे. गाडीच्या वायरीचं तसं नाही. १२ व्होल्टवर ती वायर फ्रिजच्या यंत्राचाच एक भाग होऊन बसते.

आधी आत काय चालतं ते पाहू. कॉम्प्रेसरवाल्या फ्रिजमधली मोटर थेट बॅटरीवर फिरत नाही. एक इलेक्ट्रॉनिक सर्किट बॅटरीच्या डीसी विजेचे तीन फेज बनवून मोटरला पुरवतं. घरची वीज जोडली, तर फ्रिजमधला किंवा सोबत दिलेला अडॅप्टर २३० व्होल्ट एसीचं कमी व्होल्टेजच्या डीसीत रूपांतर करतो आणि पुढचं काम तेच सर्किट करतं. दोन्ही वायरी एकाच वेळी लावल्या, तर बहुतेक कॉम्प्रेसर फ्रिज आपोआप घरची वीज निवडतात. काही स्वस्त कूलरमध्ये मात्र तशी सोय नसते आणि एका वेळी एकच वायर लावा असं माहितीपत्रकात बजावलेलं असतं. ती ओळ वाचून घ्यावी.

आता हिशेब. फ्रिज ६० वॅट घेतो असं धरू. २३० व्होल्टवर त्याला साधारण पाव अँपिअर करंट पुरतो, १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतो. काम तेच, करंट एकोणीस पट. वायरीत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तीच वायर दोन्हीकडे वापरली, तर १२ व्होल्टवर तिच्यातला तोटा ३६० पटींहून अधिक. घरची वायर बारीक असून चालते आणि गाडीची जाड लागते, ती यामुळेच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं, कारण 'जास्त व्होल्ट म्हणजे जाड वायर' हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. व्होल्टेजसाठी लागतं ते चांगलं इन्सुलेशन. तांब्याची जाडी ठरवतो करंट.

खोक्यातल्या गाडीच्या वायरीवर बऱ्याचदा १८ एडब्ल्यूजी (वायरीच्या जाडीचं अमेरिकी माप) असं छापलेलं सापडतं. हा आकडा जितका मोठा, तितकी वायर बारीक. १८ म्हणजे जेमतेम ०.८२ चौरस मिलिमीटर तांबं. अशी वायर ३ मीटर लांब असेल, तर करंटला जाऊन-येऊन ६ मीटर अंतर कापावं लागतं आणि तेवढ्या तांब्याचा रोध होतो सुमारे ०.१३ ओहम. ५ अँपिअरला वायरीतच ०.६ व्होल्टहून जास्त गळतात. २३० मधून ०.६ गेले तर कुणाला कळणारही नाही. १२ मधून गेले तर पाच टक्के गेले. शिवाय बॅटरीपासून डिकीतल्या सॉकेटपर्यंतची गाडीची स्वतःची वायरही फारशी जाड नसते. तिथली घट वेगळी.

इथे खरी गंमत सुरू होते. बॅटरी पार उतरून गाडी सुरूच होऊ नये असं घडायला नको, म्हणून व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की फ्रिज स्वतःच बंद होतो. पण तो व्होल्टेज मोजतो स्वतःपाशी, बॅटरीपाशी नाही. धरणात पाणी किती आहे हे कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याने आपल्या पाटावरून ठरवावं, तसं हे आहे. निम्मी भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.२ व्होल्टच्या आसपास दाखवते. त्यातून वायरींमध्ये एक-सव्वा व्होल्ट गळाले की फ्रिजला दिसतात ११. तो समजतो बॅटरी संपली आणि कॉम्प्रेसर थांबवतो. कॉम्प्रेसर थांबला की करंट शून्य, करंट शून्य की गळतीही शून्य. फ्रिजला पुन्हा १२.२ दिसू लागतात आणि थोड्या वेळाने तो परत सुरू होतो. मग पुन्हा तेच. आतलं दूध कोमट होत जातं आणि दोष मात्र बॅटरीला किंवा फ्रिजला दिला जातो. 'नवीन फ्रिज गाडीत चालतच नाही, घरी मात्र उत्तम चालतो' या तक्रारीमागे माझ्या मते बहुतेक वेळा वायर असते.

याच संरक्षणाच्या सेटिंगवर एच, एम, एल (हाय, मीडियम, लो) अशी अक्षरं असतात आणि त्यांचा अर्थ हमखास उलटा लावला जातो. एच म्हणजे फ्रिज जास्त व्होल्टेजलाच बंद होणार, म्हणजे गाडी सुरू करण्याइतकी वीज बॅटरीत राखून ठेवणार. गाडीच्या मुख्य बॅटरीवर चालवताना एच ठेवावं, फ्रिजसाठी वेगळी बॅटरी असेल तर एल. एच ठेवल्यावर बारीक वायरीची पंचाईत आणखी वाढते, हे वेगळं सांगायला नको.

आता लायटर सॉकेट. नावाप्रमाणेच ते सिगारेट पेटवणारी गुंडाळी काही सेकंद तापवण्यासाठी बनलं होतं, तासन्‌तास करंट वाहून नेण्यासाठी नाही. प्लगच्या टोकाची स्प्रिंगवाली पिन मधल्या पॉझिटिव्हवर टेकते आणि तीच स्प्रिंग प्लगला बाहेरही ढकलत असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो हळूहळू ढिला होतो. टेकण्याच्या जागी ०.१ ओहम इतका रोध जरी तयार झाला, तरी ५ अँपिअरला तिथे अडीच वॅट उष्णता होते, तीही एका टिंबाएवढ्या जागेत. प्लॅस्टिक मऊ पडायला तेवढं पुरतं. प्लग आत ढकलून किंचित फिरवावा आणि अर्ध्या तासाने हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर काढावा. बऱ्याच प्लगचं टोक आट्यांचं असतं आणि त्याच्या आत काचेचा फ्यूज असतो. आटे सैल झाले तरी फ्रिज बंद पडतो, आणि दुरुस्तीला पैसे मोजण्याआधी हे दोन बोटांनी घट्ट करून पाहायला काहीच हरकत नाही.

नेहमी वापरणाऱ्याने मात्र बॅटरीपासून थेट वेगळी वायर ओढावी. डॅनफॉस कंपनीचे बीडी३५ हे कॉम्प्रेसर (हा व्यवसाय आता सेकॉपकडे आहे) अशा असंख्य फ्रिजमध्ये असतात. त्यांच्या तक्त्यात १२ व्होल्टसाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर फक्त अडीच मीटरपर्यंत चालते, ४ ची ४ मीटरपर्यंत, ६ ची ६ मीटरपर्यंत. बॉनेटपासून डिकीपर्यंत वळणं घेत ४-५ मीटर सहज होतात. म्हणजे ६ ची वायर हवी. घरात गीझरला ओढतात त्याहून जाड, आणि तीही साठ वॅटच्या फ्रिजसाठी! वायरमनला हे पटवताना थोडा वेळ जातो.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अगदी जवळ हवा, कारण तो फ्रिजसाठी नसतो, वायरीसाठी असतो. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण वायर घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते आणि वायर लालबुंद होते. फ्यूज फ्रिजच्या टोकाला लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. या कॉम्प्रेसरला १२ व्होल्टवर १५ अँपिअरचा फ्यूज सांगितलेला आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायरही खपवली जाते. तिचा रोध सुमारे दीडपट असतो. चाकूने एक तार खरवडून पाहिली की कळतं, आत पांढरी निघाली तर घेऊ नये.

घरच्या वायरीचं प्रकरण लहान आहे, पण धोका वेगळा. इथे आगीपेक्षा झटक्याची भीती. परदेशी बनावटीच्या फ्रिजला युरोपातली दोन बारीक पिनांची टॉप येते. आपल्या सॉकेटमध्ये ती जाते, पण ढिली बसते आणि ठिणग्या पडतात. वायरीला तीन तारा असतील, तर अर्थिंगसकट आपली थ्री पिन टॉपच बसवून घ्यावी. वायर आधी फ्रिजमध्ये पूर्ण आत खोचावी, मग बोर्डात, आणि बटण शेवटी. फ्रिज आडवा आणला असेल, तर कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसावं म्हणून काही तास उभा ठेवूनच सुरू करावा. गाडीत इन्व्हर्टर लावून त्यावर ही वायर जोडणारेही असतात. म्हणजे १२ चे २३० करायचे आणि फ्रिजने त्यांचे पुन्हा कमी व्होल्ट करायचे. दोन्ही वेळा वीज वाया.

कॉम्प्रेसर नसलेले, पेल्टिए परिणामावर (वीज सोडली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणाऱ्या पट्टीवर) चालणारे हलके कूलर दिसायला तसेच असतात, वायरीही तशाच. पण त्यातल्या अनेकांत व्होल्टेज पाहून बंद होण्याची सोय नसते. थंड झाल्यावर कॉम्प्रेसर विसावा घेतो, हे मात्र ४-५ अँपिअर बहुधा सतत ओढत राहतात. इंजिन बंद करून रात्रभर ठेवला, तर ४५ अँपिअर-अवरची बॅटरी सकाळी हात वर करते.

वायर पुरेशी आहे का हे कळायला मल्टिमीटर पुरे. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर मोजायचं, मग फ्रिजच्या टोकाला. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर काम झालं. कॉम्प्रेसर बंद असताना मोजलं तर फरक जवळजवळ शून्यच येणार, आणि फसगत होणार.

ट्रकवाल्यांचं बरं आहे. तिथे १२ च्या दोन बॅटऱ्या साखळीत जोडून २४ व्होल्ट मिळतात. २४ व्होल्टवर करंट निम्मा आणि तोटा पाव, म्हणून त्याच तक्त्यात तीच वायर दुप्पट लांबीपर्यंत चालते आणि फ्यूज साडेसात अँपिअरचा पुरतो. १२ की २४ हे असा फ्रिज स्वतःच ओळखतो, तेव्हा दोन्ही बॅटऱ्यांच्या मिळून २४ व्होल्टवरच तो जोडावा. सोयीसाठी एकाच बॅटरीवरून १२ घेतले, तर ती रोज जास्त उतरते, चार्ज मात्र दोघी एकाच साखळीत होतात, आणि काही महिन्यांत दोन्ही बदलाव्या लागतात.