पहाटे चारचा दमा

पहाटे तीन-चारला खडबडून जाग येणं, उठून बसावं लागणं, स्वतःच्या छातीतली घरघर स्वतःलाच ऐकू येणं, हे दमेकऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. दमा रात्री आणि हिवाळ्यात बळावतो, असं पाचव्या शतकातल्या सीलियस ऑरेलिएनस या वैद्याने लिहून ठेवलंय. जॉन फ्लॉयर या इंग्लिश डॉक्टरने १६९८ साली दम्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा तो स्वतः तीसेक वर्षं या दुखण्याने बेजार होता. रात्री एक-दोनच्या सुमाराला जाग येते आणि धाप सुरू होते, ही त्याची नोंद. नाडी मोजायला बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळही याच गृहस्थाने बनवून घेतलं! श्वासाला मात्र सोयीचं माप मिळायला आणखी अडीचशे वर्षं गेली.

तोवर दोष अंथरुणावर गेला. गादीतली धूळ, पिसांची उशी, रात्रीचा गारवा, आडवं पडणं. यातल्या प्रत्येकात थोडंफार तथ्य होतंच, म्हणून तर शरीराच्या आत कोणी डोकावलं नाही.

१९५९ मध्ये मार्टिन राइट यांचं पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं साधन, आलं. छाती भरून श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे, एका दमात जोरात फुंकायचं, काटा कुठे थांबला ते वहीत लिहायचं. दिवसातून अनेकदा फुंकल्यावर वहीत करवतीच्या दात्यांसारखा आलेख उमटू लागला. हेट्झेल आणि क्लार्क या संशोधकांनी १९८० साली अशी मापं तपासली, तर निरोगी माणसाचा श्वासही पहाटे मंदावतो असं दिसलं. निरोगी लोकांत दिवसभरातला चढउतार सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास, दमेकऱ्यांत सुमारे ५१ टक्के. ताल तोच, झोका मोठा. दवाखान्यात सकाळी अकराला तपासलेला रुग्ण ठणठणीत का वाटतो, याचं उत्तर इथे आहे. १९८८ च्या ब्रिटनमधल्या पाहणीत ७,७२९ दमेकऱ्यांपैकी ७४ टक्के जण आठवड्यातून एकदा तरी रात्री धापेने उठत होते.

कारणं हळूहळू उलगडली. श्वासनलिका सैल ठेवणारं ॲड्रेनलिन पहाटे चारच्या सुमाराला तळाला जातं, सूज आवरणारं कॉर्टिसॉलही मध्यरात्रीच्या आसपास कमी असतं. पुढे फुप्फुसाच्या पेशींत दिवसरात्रीचा ताल पाळणारं स्वतःचं घड्याळ सापडलं. सिगारेटचा धूर तेही बिघडवतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णांना मात्र बहुधा सकाळ जड जाते. अंघोळ आणि कपडे घालणं एवढ्यानेच दम लागतो.

तरी खरा दोषी कोण, झोप की घड्याळ, हा वाद उरलाच होता. २०२१ मध्ये अमेरिकेत १७ दमेकऱ्यांना मंद उजेडात ३८ तास जागं ठेवलं. बसण्याची ढब एकच, दर दोन तासांनी तोच खाऊ. दुसऱ्या फेरीत दिवस २८ तासांचा केला. झोप आणि बाहेरची रात्र बाजूला काढूनही शरीराच्या घड्याळात रात्र असताना श्वास खालावला, आराम देणाऱ्या पंपाची गरज चौपट झाली. मला या सगळ्या इतिहासात हाच प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

उपचारांत घड्याळ आधीच शिरलं होतं. श्वासनलिका सैल करणाऱ्या थिओफिलिन या औषधाची दीर्घकाळ टिकणारी गोळी संध्याकाळी द्यायची पद्धत १९८० च्या दशकातली. २०२५ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी २५ जणांवर सूज आवरणाऱ्या स्टेरॉइडच्या पंपाची वेळ तपासली. रोजचा एकच डोस दुपारी तीन-चारच्या दरम्यान घेतल्यावर रात्रीचा श्वास अधिक सांभाळला गेला. गट लहान आहे. शिवाय ऐन कामाच्या वेळेत रोज आठवणीने पंप काढणार किती जण, हेही बघावं लागेल.