'इन द मूड फॉर लव्ह': भाड्याच्या खोल्यांमागचं शांघाय

हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाई याचा 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) पाहून बरेच जण विचारतात, शेजारी-शेजारी भाड्याने राहणारी ही नायक-नायिका एवढी घाबरतात कुणाला? दोघांच्याही जोडीदारांनी आपसांत सूत जुळवलंय, मग यांनाच कसली भीड?

उत्तर घरमालकिणीच्या बोलण्यात आहे. मिसेस सुएन शांघायची बोली, शांघायनीज बोलतात; नायक-नायिका हाँगकाँगची कँटोनीज. चीनमधल्या १९४९च्या कम्युनिस्ट सत्तांतराच्या आगेमागे शांघायची असंख्य कुटुंबं हाँगकाँगला आली. भाषा वेगळी, जेवण वेगळं, त्यामुळे ती आपापल्यातच राहिली. एकेका फ्लॅटमध्ये खोल्या भाड्याने दिलेल्या, स्वयंपाकघर सामाईक, रात्र रात्र माजाँग या सोंगट्यांच्या चिनी खेळाचे डाव. कोण किती वाजता आलं हे सगळ्यांना ठाऊक. चाळीत वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. एका प्रसंगात तर बाहेर डाव संपत नाही म्हणून दोघं खोलीत अडकून पडतात. मला तो चित्रपटातला सर्वांत विनोदी आणि सर्वांत जीवघेणा प्रसंग वाटतो.

वाँग स्वतः याच वस्तीतला. जन्म १९५८चा, शांघायचा; पाच वर्षांचा असताना हाँगकाँगला आला. कथा सुरू होते १९६२मध्ये, म्हणजे त्याच्या बालपणीच्याच हाँगकाँगात. सुएनबाईंच्या भूमिकेतली रेबेका पॅन ही मूळची शांघायची गायिका. कथेची प्रेरणा लिऊ यिचांग यांच्या लघुकादंबरीची. तेही शांघायहून आलेले, वृत्तपत्रांत लिहिणारे. नायकही वर्तमानपत्रातच नोकरीला आहे.

चित्रपट करायला घेईपर्यंत जुनं हाँगकाँग पाडून झालं होतं, म्हणून गल्ल्या बँकॉकमध्ये शोधाव्या लागल्या. पक्की पटकथा नव्हती. चित्रीकरण पंधरा महिने रेंगाळलं, छायालेखक ख्रिस्तोफर डॉयल मध्येच गेला आणि मार्क ली पिंग-बिंग आला. मनात घर करणारं ते व्हायोलिनही उसनं: शिगेरू उमेबायाशीने ते १९९१च्या 'युमेजी' या जपानी चित्रपटासाठी रचलं होतं. कान चित्रपट महोत्सवात नायक झालेल्या टोनी ल्युंगला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. नायिका मॅगी चेउंगच्या चिआँगसामचं, म्हणजे उंच गळ्याच्या अंगासरशा चिनी पोशाखाचं, कौतुक इतकं झालंय की त्यात भर घालत नाही.

शेवटाकडे १९६६ उजाडतं आणि अचानक फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या कंबोडिया भेटीची वृत्तचित्रफीत येते. अनेकांना ती उपरी वाटते. पण त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये फेरीबोटीच्या भाडेवाढीवरून दंगल झाली होती, पुढच्या वर्षी त्याहून मोठी. चित्रपटात सुएनबाई अमेरिकेला मुलीकडे निघाल्या आहेत. एकदा शांघाय सोडलेली माणसं पुन्हा सामान बांधत होती.