मनोरुग्ण, दारू आणि गुन्हा

मुंबईतल्या एखाद्या हाणामारीच्या बातमीत आरोपी 'मनोरुग्ण' असल्याचे छापून आले की वाचकाच्या लेखी गुन्ह्याचे कारण तिथेच सापडलेले असते. तो दारू पीत होता का, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

स्वीडनमध्ये १९७३ ते २००६ या काळातील रुग्णालयांच्या आणि न्यायालयांच्या नोंदी जोडून स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भ्रम आणि भास होणाऱ्या गंभीर मनोविकाराच्या, ८,००३ रुग्णांचा अभ्यास झाला. हिंसक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांचे प्रमाण सर्वसामान्य लोकांत ५.३ टक्के होते आणि व्यसन नसलेल्या रुग्णांत ८.५ टक्के; दारूचे किंवा अन्य अमली पदार्थांचे व्यसन जडलेल्या रुग्णांत मात्र ते २७.६ टक्क्यांवर गेले. अर्थात सगळे खापर दारूवर फोडणेही बरोबर नाही, कारण या व्यसनी रुग्णांची तुलना त्यांच्याच निरोगी भावंडांशी केली तेव्हा ही तफावत बरीच कमी भरली, म्हणजे घरची परिस्थिती आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा आहे.

शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहे, असा भ्रम असलेला रुग्ण बहुतेक वेळा घाबरून दार लावून बसतो. कानातले आवाज दबावेत, झोप लागावी म्हणून तो क्वार्टर जवळ करतो, हळूहळू आजाराच्या गोळ्या घेणे सुटते, आणि आवेगाला आवर घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग दारूने सैलावतो. मग तोच भ्रम त्याला दाराबाहेर काढतो.

अटकेनंतरचे दोन-तीन दिवस याहून बिकट असतात. रोज पिणाऱ्याची दारू कोठडीत एकाएकी बंद होते, काही तासांत हात थरथरू लागतात, झटके येऊ शकतात, आणि साधारण तिसऱ्या दिवशी काहींना भिंतीवरून किडे चालताना दिसतात, दिवस-रात्रीचे भान राहत नाही. पाहणाऱ्याला ही बतावणी वाटते किंवा जुना आजार उसळल्यासारखे वाटते, पण ही जिवावर बेतणारी अवस्था असते आणि तिला तातडीने रुग्णालयातले उपचार लागतात.

कायद्याची भूमिका इथे दुहेरी आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांना आजारात धरतो. भारतीय न्याय संहितेत मात्र कलम २२ मनोविकलतेचा बचाव देते, तर कलम २३ नशेचा बचाव फक्त नकळत किंवा इच्छेविरुद्ध मद्य पाजले गेलेल्यालाच देते.

मनोविकार एका दवाखान्यात आणि व्यसन दुसरीकडे, अशी उपचारांची वाटणी तर थेट धोक्याची ठरू शकते. दारूचे व्यसन सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिरम हे औषध काही रुग्णांत भ्रम आणि भास वाढवते, त्यामुळे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला रुग्णाचा मनोविकार आधी ठाऊक असावा लागतो.