सोयाबीन निघालं, तूर उभी आहे

परवा रात्री साडेनऊला अंगणातल्या बाजेवर बसून दक्षिणेकडे दुर्बीण लावली होती. पुतण्यानं डोळा लावला अन् म्हणाला, "काका, हा तारा पुसल्यावानी काऊन दिसते?" शेजारच्या आजीला शेंडेनक्षत्राची शंका आली, औंदा पाणी येते का नाही म्हणून. तो धूमकेतू नव्हता, आणि असता तरी त्याचा आपल्या मृगाशी काडीचाही संबंध नाही.

तो होता नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी, १७ हजार प्रकाशवर्षांवरचा गोलाकार तारकागुच्छ. त्या पुसट ठिपक्यात सुमारे १ कोटी तारे आहेत. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून जास्त गुच्छ आहेत. त्यांत नवे तारे घडवायला वायू जवळजवळ उरलेला नाही. ताऱ्यांत जवळजवळ सगळं हायड्रोजन आणि हेलियमच. लोखंडासारखी जड मूलद्रव्यं सूर्याच्या तुलनेत बहुधा दहावा ते शंभरावा हिस्सा. अशी मूलद्रव्यं आधीच्या ताऱ्यांत घडून साठत जातात, म्हणजे हे फार जुने तारे.

किती जुने, हे कळतं कसं? मृगाच्या पावसावर एकाच दिवशी मूग, सोयाबीन, तूर पेरा. मूग पोळ्याच्या आसपास निघतो, सोयाबीन दसऱ्याला, तूर संक्रांतीपर्यंत उभी राहते. वावरात नुसती तूर दिसली की पेरून किती दिवस झाले हे शेतकरी बांधावरूनच सांगतो. गुच्छातले तारेही साधारण एकाच वेळी जन्मलेले. (ओमेगा सेंटॉरी अपवाद, त्यात वेगवेगळ्या पिढ्या मिसळल्या आहेत.) ताऱ्याचं वस्तुमान दुप्पट झालं तर तेज दहापटीच्या वर जातं, म्हणून इंधन दुप्पट असूनही आयुष्य पाचवा-सहावा हिस्साच. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तारा फुगून लाल राक्षसी होतो. या गुच्छांत सूर्याएवढे तारेसुद्धा तो टप्पा ओलांडून गेलेत. सूर्याच्या साधारण ०.८ पट वस्तुमानाचे तारे आता कुठे फुगायच्या वळणावर आहेत. त्यावरून वय निघतं १२०० कोटी वर्षांच्या आसपास!

मग १९५३ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ ॲलन सँडेज यांना एम३ या गुच्छात काही निळे, तेजस्वी तारे दिसले. तुरीच्या वावरात हिरवंगार सोयाबीन! निळे, तेजस्वी म्हणजे वजनदार तारे, ते कधीच संपायला हवे होते. पण दोन हलके तारे एकमेकांत मिसळले, किंवा एकानं जोडीदाराचा हायड्रोजन ओढून घेतला, की वजन वाढतं, गाभ्याला ताजं इंधन मिळतं आणि म्हातारा तारा पुन्हा निळा तळपू लागतो.