पार्श्वभूमी : कृतिदेव अजून का जात नाही?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच सुमारास एआयला मराठी कितपत कळतं, हीही चर्चा जोरात होती. नागपुरात संगणकाची आवड असलेली चार माणसं जमली की या दोन्ही विषयांवरून बोलणं हमखास एका जुन्या वादावर येतं : छपाईतला जुना कृतिदेव फॉन्ट की प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारं युनिकोड हे जागतिक मानक? तरुण पोरं म्हणतात, आता कृतिदेवमध्ये टाइप करणं म्हणजे मजकूर वाया घालवणं. सीताबर्डीच्या बाजारातले डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवणारे ऑपरेटर, म्हणतात, पत्रिका उद्या छापून द्यायची आहे, तुमचं युनिकोड राहू द्या. मागचा इतिहास ठाऊक नसेल तर यात ऑपरेटरच हट्टी वाटतो. मला तसं वाटत नाही.

सुरुवात टाइपरायटरपासून करावी लागते. १९५६पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि त्या राज्याचा कारभार हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांत चालायचा. देवनागरी टाइपरायटरवर हात बसलेली माणसं या शहरात तेव्हापासून आहेत. कचेऱ्या, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, हिवाळी अधिवेशनात मंत्र्यांना द्यायची निवेदनं, सगळीकडे टंकलेखक लागायचाच. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा पास झाली की नोकरीचं दार उघडायचं. ही बोटं रेमिंग्टन पद्धतीवर, म्हणजे टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर, तयार झालेली होती.

संगणक आला तेव्हा देवनागरीचा विचार झालाच नव्हता, असं नाही. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्रज्ञान उभं केलं, आणि ते काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेकडे आलं. संगणकात एक कार्ड बसवायचं की पडद्यावर भारतीय लिप्या दिसत. १९९१मध्ये आयएस १३१९४ हे मानक आलं. त्यात इस्की ही संकेतप्रणाली होती आणि इन्स्क्रिप्ट कळफलकही होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. म्हणजे पाया वेळेत घातला गेला होता.

पण छापखान्याला काम आजच हवं असतं. विंडोज आणि पानं लावायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आलं आणि सोपी वाट सापडली : इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेला फॉन्ट. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशी बरीच नावं त्या काळातली आहेत. हिंदी पट्ट्यात रुळलेला कृतिदेव नागपुरात सहज चालला, कारण कळा त्याच रेमिंग्टनच्या होत्या. नेहमीच्या कळांवर न मावलेली जोडाक्षरं ऑल्ट दाबून आकडे मारले की यायची, आणि त्या आकड्यांचा तक्ता मॉनिटरशेजारी भिंतीवर चिकटवलेला असायचा.

यातली गोम अशी की संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. कृतिदेवमध्ये ‘नागपूर’ लिहिलं तर फाइलमध्ये यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही सहा रोमन अक्षरं साठतात. फॉन्ट असेल तोवर डोळ्यांना नागपूर दिसतं. फॉन्ट काढला की उरते ती निव्वळ गिचमीड. शोधयंत्राला ‘नागपूर’ विचारलं तर ही फाइल त्याच्या हाती लागत नाही, आणि एआयचं भाषा-प्रारूप (लँग्वेज मॉडेल) शिकवणाऱ्यांच्याही नाही.

मग युनिकोड आल्यावर सगळे तिकडे का गेले नाहीत? विंडोजमध्ये देवनागरी आली ती २००० साली, विंडोज २०००बरोबर. पुढे घरोघरी पोचलेल्या एक्सपीमध्ये ती सोय होती, पण आपोआप सुरू नसायची. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग संगणक एक्सपीची सीडी मागायचा. ज्यांच्याकडे सीडीच नव्हती त्यांचा प्रयत्न तिथेच संपला. सोबत मिळणाऱ्या मंगल फॉन्टमधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होते. लग्नपत्रिकेत ते कोण खपवून घेणार?

खरी अडचण पानं लावण्याची होती. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि तिला युनिकोड कळत नव्हतं. त्यात युनिकोड मजकूर चिकटवला की प्रश्नचिन्हांची रांग यायची. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय २०१२च्या सीएस६ आवृत्तीत झाली. मधली अकरा-बारा वर्षं ‘युनिकोड वापरा’ हा सल्ला बरोबर होता, पण तो अमलात आणायला ऑपरेटरकडे साधनच नव्हतं. तोवर त्याच्याकडे हजारो पानांच्या जुन्या फाइली जमल्या होत्या, आणि गिऱ्हाईक गेल्या वर्षीचीच फाइल दुरुस्त करून मागत होतं.

मोबाइलने सर्वसामान्यांचा प्रश्न परस्पर सोडवला. कळफलकावर उच्चाराप्रमाणे लिहिता येऊ लागलं, २०१७मध्ये गुगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय दिली, आणि इन्स्क्रिप्ट चांगलं की उच्चाराप्रमाणे चालणारं फोनेटिक, ही हौशी मंडळींची भांडणं बहुतेकांना कळलीसुद्धा नाहीत.

जुन्या मजकुराचं काय, हा प्रश्न मात्र राहिलाच. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण काम दिसतं तितकं सरळ नाही. कृतिदेवमध्ये ‘वर्धा’ लिहिताना आधी व, मग अर्धा ध, त्याला पूर्ण करणारा दंड, मग काना आणि सगळ्यात शेवटी रफार असा क्रम असतो. दंड आणि काना एकाच कळेवर. युनिकोडमध्ये रफाराचा र ‘ध’च्या आधी साठतो, म्हणून कन्व्हर्टरला तो उचलून मागे न्यावा लागतो. ऱ्हस्व वेलांटीचं याच्या उलट : ती अक्षराआधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर जाते. मध्ये जोडाक्षर आलं की साधे कन्व्हर्टर चुकतात. ‘वऱ्हाड’ तर युनिकोडमध्येही दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. दिसायला सारखाच, पण एकात नुक्त्याचा ऱ आणि दुसऱ्यात साधा र व त्याला जोडलेलं अदृश्य चिन्ह. एक शोधला तर दुसरा निसटू शकतो.

आणि हा मजकूर किरकोळ नाही. दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथल्या छोट्या प्रकाशकांच्या पुस्तिका, विदर्भातले दिवाळी अंक, गावांचे इतिहास, विद्यापीठातले मराठी प्रबंध, यातलं बरंच काही जुन्या फॉन्टांत जुळवलेलं आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या मराठी प्रबंधाच्या पीडीएफमधून एखादं वाक्य कॉपी करून पाहा, अनेकदा तीच रोमन गिचमीड हाती येते. एआयला वऱ्हाडी कळत नाही अशी तक्रार करताना हेही लक्षात घ्यायला हवं की वऱ्हाडीतलं कितीतरी लेखन त्याला वाचता येईल अशा रूपात ठेवलेलंच नाही.

छापील पान स्कॅन करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, करता येतो, पण मूळ फाइल असेल तर रूपांतर जास्त अचूक होतं. त्यासाठी फाइल कोणत्या फॉन्टात आहे हे ठाऊक असावं लागतं, कारण कृतिदेवचा तक्ता शिवाजीला लागू पडत नाही आणि शिवाजीचा श्रीलिपीला. ही माहिती ज्या ऑपरेटरांच्या डोक्यात आहे ते आता दुकानं पुढच्या पिढीकडे सोपवताहेत, आणि जुने संगणक हार्ड डिस्कसकट भंगारात जाताहेत. ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत त्यांनी त्या फॉन्टच्या फाइलसह पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात आणि फोल्डरच्या नावातच फॉन्टचं नाव लिहून ठेवावं.