स्टेटमेंट वेगळं, बीपीक्यूवाय वेगळं

अमेरिकेत डिसॅबिलिटीचे पैसे चालू असताना पुन्हा कामाला लागायचं म्हटलं, की लाभांबद्दल सल्ला देणारा समुपदेशक पहिल्याच फोनवर बीपीक्यूवाय, म्हणजे तुमच्या चालू लाभांच्या तपशिलाचा कागद, मागतो. आणि आपली मंडळी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे हे पैसे देणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवरून कमाईच्या स्टेटमेंटचं पीडीएफ उतरवून त्याला धाडतात आणि मोकळी होतात. दोन्हीवर सोशल सिक्युरिटीचं नाव, दोन्हींत कमाईचे आकडे, मग बिघडलं कुठे? कुठे ते पुष्कळदा वसुलीची नोटीस घरी आल्यावर कळतं.

स्टेटमेंट तुमच्या ओळखीचं आहे, म्हणून थोडक्यात. कुठल्या वर्षी किती कमाईवर कर भरला गेला, त्याची ही यादी. त्या कमाईवर वर्षाला जास्तीत जास्त ४ क्रेडिट मिळतात आणि एसएसडीआयचा, म्हणजे असा कर भरलेल्यांना मिळणाऱ्या डिसॅबिलिटीच्या पैशांचा, हक्क त्यावर ठरतो. पुण्यातल्या नोकरीची वर्षं त्यात शोधू नका. एकमेकांकडची नोकरीची वर्षं धरण्याचा करार भारत आणि अमेरिका यांच्यात नाही, ती इथे धरली जात नाहीत. एखादं वर्ष कमी दिसलं तर डब्ल्यू-टू, म्हणजे मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा कागद, काढून लगेच दुरुस्त करून घ्या. त्याची सर्वसाधारण मुदत ते वर्ष संपल्यापासून ३ वर्षं, ३ महिने, १५ दिवस.

बीपीक्यूवाय, म्हणजे बेनिफिट्स प्लॅनिंग क्वेरी, हा पैसे सुरू झाल्यानंतरचा कागद. दरमहा काय मिळतं, एसएसडीआय की एसएसआय (म्हणजे तुटपुंजं उत्पन्न बघून मिळणारे पैसे), मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा कधीपासून, पुढची वैद्यकीय तपासणी कधी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रायल वर्क पिरियडचे, म्हणजे पैसे पूर्ण चालू ठेवून काम करून बघण्याच्या मुभेचे, किती महिने खर्ची पडले, हे त्यात असतं.

खरी गोम आहे ती इथे. स्टेटमेंट वर्षाची भाषा बोलतं आणि एसएसडीआयचे कामाचे नियम महिन्याची. २०२५ साली ज्या महिन्यात करबिर कापण्यापूर्वी १,१६० डॉलरच्या वर कमाई झाली, तो महिना ट्रायलमध्ये मोजला जातो. सलग ६० महिन्यांच्या खिडकीत असे ९ महिने भरले की ट्रायल संपली.

आता एक उदाहरण घ्या. एका बाईंच्या स्टेटमेंटवर २०२५ ची कमाई १३,२०० डॉलर. भागिले १२, आले १,१००. ‘मर्यादेच्या आत आहे, बिनधास्त करा!’ असा सल्ला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहा मिनिटांत मिळतो. हा भागाकार बघितला की माझं डोकंच उठतं. या बाईंनी मे ते ऑक्टोबर असे सहाच महिने काम केलं होतं, महिन्याला २,२०० डॉलरवर. म्हणजे ९ पैकी ६ महिने गेले, आणि स्टेटमेंटवर त्याची खूणही नाही. ट्रायलमध्ये पैसे पूर्ण मिळतात, त्यामुळे त्यांनाही काही जाणवलं नाही. पुढच्या नोकरीचा चौथा महिना उजाडेल तेव्हा हिशेबच बदललेला असेल: तिथून पुढे एसजीएची, म्हणजे भरीव कमाईची, मर्यादा पाहिली जाते, २०२५ साली महिन्याला १,६२० डॉलर, अंधांसाठी २,७००. ती ओलांडून कमाई चालू राहिली तर आधी सवलतीचे ३ महिने मिळतात आणि मग पैसे थांबतात. त्यानंतरही पैसे येत राहिले आणि तुम्ही ते खर्चून बसलात, तर ते परत मागतात.

पण बीपीक्यूवायही डोळे मिटून मानू नका. तुम्ही कळवलेलं काम कार्यालयाने अजून तपासलं नसेल, तर एकही महिना न वापरल्याचं त्यात छापून येऊ शकतं. म्हणून पे-स्टब, म्हणजे पगाराच्या चिठ्ठ्या, हव्यातच, आणि त्यांवर पैसे मिळाल्याची तारीख नव्हे, काम कुठून कुठपर्यंत केलं ते बघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याचा पगार नोव्हेंबरात हाती आला, तर एसएसडीआयसाठी तो ऑक्टोबरचा, एसएसआयसाठी नोव्हेंबरचा. दोन्हींना सरसकट ‘डिसॅबिलिटी’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढ्यासाठी तरी ती सवय सोडावी. शिवाय भरपगारी सुटीचे आणि आजारपणाच्या रजेचे पैसे डब्ल्यू-टूमध्ये येतात, पण एसजीए मोजताना सहसा वगळले जातात. वर्षाच्या एका आकड्यातून हे कसं कळणार?

बीपीक्यूवायचा कागद मिळवायचा कसा? १-८००-७७२-१२१३ वर फोन करा किंवा जवळच्या कार्यालयात मागा. समुपदेशकाने परस्पर मागवायचा असेल तर ३२८८ क्रमांकाच्या संमतीपत्राच्या दोन प्रती सही करून द्या: एक सोशल सिक्युरिटीच्या नोंदींसाठी, दुसरी कर खात्याकडच्या कमाईच्या नोंदींसाठी. एकीवर भागत नाही. हा कागद लाभार्थीला फुकट मिळतो, आणि विपा या सरकारी मदतीवर चालणाऱ्या सल्ला-प्रकल्पांतले समुपदेशकही फी घेत नाहीत. ‘अमुक डॉलर द्या, काढून देतो’ म्हणणारा कुणी भेटलाच, तर त्याला लांबूनच नमस्कार करा.